बेसला तोंड नसतं

जनीकाकीच्या घरी मांडणीवरच्या ताटांच्या मधेमधे चिंध्या कोंबलेल्या असतात. नव्या माणसाला वाटावं, बाई भांड्यांना जिवापाड जपते. तसं काही नाही. चिंध्या नसल्या तर काकीने ओटीवर बेस लावला की ताटं खडखडतात आणि रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठून बसतो.

बेस म्हणजे कपाटाएवढे चार काळे डबे. त्यांच्या जोडीला दोन लहान टॉप. शब्द आणि शिट्ट्या टॉपमधून निघतात, पोटातला दणका बेसमधून. हे सगळं आणलं होतं तिच्या नवऱ्याने, विकासने. हळदीला डीजे वाजवायची हौस. हौस दोन लग्नसराया टिकली, मग त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. डबे ओटीवर पडून राहिले. एक उन्हाळा काकीने त्यांच्यावर पापड वाळवले. पुढच्या उन्हाळ्यात म्हणाली, "पापडांना एवढे महागाचे पाट कशाला?" आणि टेंपो चालवायला शिकली.

बाईमाणूस डीजे घेऊन येते हे बघायलाच पहिल्या हळदीला दोन गावं लोटली. आता खालापूरच्या आसपास त्याचं कुणाला काही वाटत नाही. एकट्या दशरथभाऊजींना वाटतं. ते विकासचे थोरले भाऊ, आणि घराण्याचं नाक सांभाळायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं आहे.

पोरांची ओळख मागाहून झाली. ऋषिकेश कर्जतचा, मोबाइल दुरुस्त करतो. साईराज शिळफाट्याचा, औषधाच्या दुकानात असतो. या दोघांना आणि त्यांच्यासारख्या चाळीसेक पोरापोरींना ड्रम अँड बेस नावाच्या विलायती संगीताचं वेड, शिवाय डबस्टेपचं. बाकीचे डीजेवाले त्यांना डबे द्यायचे नाहीत. "ह्याच्यात गाणं कुठं हाय?" म्हणायचे. शेवटी पोरं काकीच्या ओटीवर आली. काकी तांदूळ पाखडत होती.

"वाजवा बघू," ती म्हणाली.

वाजलं तसं काकीने सूप खाली ठेवलं. वर नुसती पळापळ, टिकटिक टिकटिक, आणि खाली काहीतरी जड, सावकाश हलणारं.

"पत्र्यावर उंदीर धावतायत," ती म्हणाली, "आन पत्र्याखाली रेडा लोळतोय."

"काकी, हा ड्रम अँड बेस. आता डबस्टेप ऐका."

त्यात उंदीर नव्हते. आवाज चढत चढत गेला, मधेच सगळं गप्प झालं, आणि मग रेडा एकदम उठून उभा राहिला. काकीला असा खणखणीत ढेकर आला की अंगणातली कोंबडी दचकली. लग्न झाल्यापासून तिला पित्ताचा त्रास. ओवा झाला, हिंग झाला, दोन वैद्य झाले.

"हेच परत लाव रं," काकी म्हणाली.

तेव्हापासून पोरांचा एकही कार्यक्रम काकीने सोडला नाही. घरी सांगायची, "डब्यांवर लक्ष ठेवायला जाते." लक्ष ठेवायचं म्हणजे डब्याला पाठ टेकून, डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून बसायचं.

भाऊजींना हे कळलं गणपतीत. आरती झाल्यावर, सगळी भावकी बसलेली असताना ते म्हणाले, "इकून टाका ते डबे. आपल्या घरची बाई पोरांच्या धिंगाण्यात बसते, शोभतं का?"

विकास कानात कापूस घालून मोदक खात होता. काकीच बोलली, "भाऊजी, ज्या दिशी माझी एक तरी आर्डर चुकंल, त्या दिशी डबे तुमच्या दारात आणून ठेवते. तुमीच इका."

"सगळ्यांनी ऐकलंय बरं का," भाऊजी म्हणाले आणि दुसऱ्या मोदकाला हात घातला.

वैशाखात भाऊजींच्या अक्षदाचं लग्न ठरलं. काकीने हळदीचा दिवस ऐकला आणि ती मनात हसली. पोरांना जागा हवी होती. भाऊजींच्या मागच्या अंगणाला लागूनच एका मुंबईवाल्याचं फार्महाऊस, तिथल्या राखणदाराशी काकीची ओळख. त्याच संध्याकाळी पोरांचा कार्यक्रम तिथल्या हिरवळीवर ठेवला तर? हळदीला भाऊजी शिळफाट्याहून मोठा डीजे आणणार, सगळा गाव त्याच्या आवाजात बुडालेला असणार, पोरांचा आवाज कुणाच्या कानावर जाणार? आवाजात आवाज लपवायचा. तिने पोरांना शब्द दिला आणि स्वतःवर फार खूश झाली.

भाऊजींनी डब्यांबद्दल विचारलं नव्हतं. काकीनेही विचारलं नाही. सख्ख्या पुतणीच्या हळदीचं आपल्याला सांगायला कुणी येत नाही म्हटल्यावर आपण कशाला तोंड उघडायचं? तिने चार दिवस फुगून काढले आणि पाचव्या दिवशी मोठ्या जावेकडे, सोनाबाईंकडे, पापड लाटायला गेली.

"जने," सोनाबाई म्हणाल्या, "हळदीला डबे जरा लवकर आण गं. पाव्हणे पाचलाच येतील."

काकीचं लाटणं थांबलं. "माझे डबे?"

"मग कुणाचे?"

"पन मला कुणी इचारलं नाय, वयनी."

"घरचंच हाय, त्यात इचारायचं काय?" ओसरीवरून भाऊजी म्हणाले. मग त्यांनी काकीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्यांचं तोंड हळूहळू उजळत गेलं. "का गं? त्या दिशी दुसरीकडं आर्डर हाय काय?"

"नाय हो," काकी म्हणाली. "येतील की डबे."

परत येताना तिने पापडाचं लाटणं तसंच हातात आणलं होतं, ते घरी आल्यावर कळलं.

इकडे नाही म्हटलं तरी ऑर्डर चुकली, तिकडे नाही म्हटलं तरी चुकली. काकीने पोरांना बोलावून घेतलं.

"दोन बेस इकडं, दोन तिकडं?"

"काकी, दोन बेसवर ड्रम अँड बेस म्हणजे पाण्यात मीठ टाकून आमटी म्हणायचं," साईराज म्हणाला.

काकीने त्या रात्री पोळ्या करपवल्या. सकाळी मात्र तिचं तोंड मोकळं होतं. भाऊजींचं अंगण आणि फार्महाऊस यांच्यामधल्या भिंतीत एक खिंडार होतं; जमीन विकल्यावरही आपली गुरं तिकडे चरायला सोडता यावीत म्हणून भाऊजींनी ते कधी बुजवू दिलं नव्हतं.

"खिंडारात टेंपो आडवा लावते," काकी म्हणाली. "दोन्ही बाजूंच्या फळ्या पाडते. चारही बेस मधे. टॉपला तोंड असतं, एक इकडं फिरवायचा, एक तिकडं. बेसला तोंड नसतं. कुठंही बसवा, सगळ्यांच्या घरात घुसतो, आमच्या वयनींसारखा."

"पण हळदीच्या गाण्यांखाली आमचा बेस?" ऋषिकेशने डोकं खाजवलं. "दोन्हीकडची चाल, म्हणजे वेग, एकच लागेल, काकी."

"तुमचे उंदीर पळू देत हिरवळीवर. आमच्या बाया रेड्याच्या चालीवर नाचतील. तेवढी गाणी त्या चालीला ओढून घे."

ऋषिकेशने दोन दिवस कॉम्प्युटरवर हळदीची गाणी ओढली. ड्रम अँड बेसच्या बरोबर निम्म्या वेगावर ती बसली.

हळदीच्या दिवशी ऊन कलताच टेंपो खिंडारात उभा राहिला. पलीकडची बाजू काकीने मांडवाच्या कापडाने झाकली. साईराज अंगणातली गाणी लावायला बसला, ऋषिकेश हिरवळीवरची. काकीने सगळ्या बायकांना बजावलं, "डब्यांवर काय ठेवायचं नाय." मग ती टेंपोत, दोन डब्यांच्या मधे, स्टुलावर बसली. एका अंगाला चाळीस पोरं वेड्यासारखी उड्या मारत होती, दुसऱ्या अंगाला सोनाबाई आणि त्यांच्या माहेरच्या बाया कमरेवर हात ठेवून ऐटीत डुलत होत्या. दोन्हीकडे एकच दणका. काकी कधी इकडे बघे, कधी कापड सारून तिकडे, आणि तोंडाला पदर लावून हसे.

"जने, आज काय मस्त वाजतंय गं," सोनाबाई नाचता नाचता ओरडल्या. "पोटात गुदगुल्या व्हतायत!"

भाऊजी तेवढे नाचत नव्हते. ते टेंपोभोवती फिरत होते. त्यांना कापडाच्या कडेने उड्या मारणारं एक डोकं दिसलं. मग दुसरं. त्यांच्या हातात हळदीची परात होती, ती त्यांनी डब्यावर ठेवली.

"भाऊजी, तिथं नको," काकी म्हणाली.

"घरचाच डबा हाय!" आणि त्यांनी कापड ओढलं.

नेमकी तीच वेळ डबस्टेपची होती. आवाज चढत चढत गेला आणि मधेच सगळं गप्प झालं; साईराजने इकडचं गाणंही त्याच ठोक्याला थांबवलं. इकडे बायांचे पाय थांबले, तिकडे पोरं श्वास रोखून उभी राहिली. भाऊजींना वाटलं, बंद पडलं. ते टेंपोला टेकून वळले, हात वर केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "बगा! दोन ठिकाणी आर्डर घेतली आन दोन्हीकडं बंद पाडली! आता डबे..."

रेडा उठला.

परात डब्यावरून एक वीत सरकली, कडेला जरा थांबली, आणि भाऊजींच्या डोक्यावर उपडी झाली.

हिरवळीवरच्या पोरांनी जल्लोष केला, तो परातीसाठी नव्हता, पण भाऊजींना काय माहीत. अंगणात आधी कुणीच हसलं नाही. मग पाटावर बसलेली अक्षदा म्हणाली, "बाबा, हळद माझी व्हती ना ओ?" आणि मांडव फुटला. सोनाबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या टकलावरची हळद त्यांनी दोन्ही हातांनी निपटून परातीत घेतली. "वाया नाय घालवायची," म्हणाल्या आणि लेकीच्या गालांना लावायला गेल्या.

भाऊजी पिवळे होऊन उभे होते. काकी स्टुलावरून खाली उतरली.

"भाऊजी, वाजतंय का इकडं?"

त्यांनी नाकावरची हळद निपटली.

"तिकडं वाजतंय?"

हिरवळीवर उंदीर पुन्हा पळायला लागले होते. भाऊजींनी उपरण्याने डोळे पुसले. "वाजतंय," म्हणाले.

डबे आहेत तिथेच आहेत, काकीच्या ओटीवर.

दिवाळीनंतर एका सकाळी भाऊजी काकीच्या दारात आले ते नारळ घेऊन. त्यांच्या धाकट्या मुलाचं, साईनाथचं, लग्न ठरलं होतं. ते ओटीवर टेकले, पाणी प्याले, छपराकडे बघितलं.

"इचारायला आलोय," ते शेवटी म्हणाले. "पौषानंतर हळद हाय. डबे मोकळे हायत का?"

काकीने नारळ उचलून कानाशी हलवून बघितला.

"बगते," ती म्हणाली. "त्या दिशी पोरांचं नसलं तर."

"आन ते..." भाऊजींनी आवाज खाली आणला, आत विकास झोपला होता म्हणून नव्हे. "ते मधेच थांबून पडतं, ते पन लाव. सोनाबायला आवडतं."