पाच बोटांतला खंजीर

सत्ताम रकादी माणूस गुणाचा, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. वर्गात शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. घरी जेवायला बसला तरी एक पाय मांडीखाली आणि दुसरा उठायच्या तयारीत. बायको अमशा म्हणायची, "तुम्हाला पुरल्यावर वर चांगला जड धोंडा ठेवावा लागणार, नाहीतर उठून फिरायला लागाल."

गावात सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरकी कायद्याची, पण ऐन-सर्वा गावातल्या म्हाताऱ्या अजून गुडघा पुढं करतात, "बघ रं बाबा, हितं लई कळ मारतीय."

विद्यापीठात तो पहिल्या वर्षाला कायद्याच्या पद्धती आणि मानवी हक्क शिकवायचा. डोंगरावरच्या खेड्यांतून आलेली पोरं-पोरी. त्यांच्यापुढं एकदम राज्यघटना उघडली की त्यांचे डोळे मिटायला लागतात. म्हणून पहिल्या दिवशी सत्ताम आजोबांचा खंजीर कापडात गुंडाळून आणायचा. त्या वर्षी वदहा शुहूबी नावाची पोर पुढं आली. बारीक अंगाची, पण नजर सरळ.

"मूठ घट्ट धर. पाची बोटं," सत्ताम म्हणाला. "समज, तुझ्या भाऊबंदांतल्या एकानं खून केला. आता तुझ्यापासून वर बाप मोजत जा. एका बापाला एक बोट सोड. त्याचा आणि तुझा मूळपुरुष एक होईपर्यंत खंजीर पडला, तर तू सुटलीस. हातात राहिला, तर तुझं घर गावातून उठणार. ही आपल्या वाडवडलांची पद्धत. आता सरकारी कायदा काय म्हणतो? गुन्हा ज्याचा, शिक्षा त्यालाच. शेजारच्या बोटाला नाही."

वदहानं विचारलं, "आणि डॉक्टर, हे दोन्ही कायदे एकाच दिवशी एकाच दारात आले, तर आधी कॉफी कुणाला द्यायची?"

वर्ग हसला. सत्तामही हसला. "त्या दिवशी मला बोलव."

मग ऑलिव्हचा हंगाम आला. तेलाच्या घाण्यावर नंबर कुणाचा यावरून दोन पोरं भिडली. मिश्ख़स शुहूबीनं हाताला लागली ती लोखंडी कांब घातली आणि नायफ रकादी पोत्यांवरच गेला. नायफ म्हणजे सत्तामचा चुलतभाऊ, हाजी दहाम काकांचा धाकटा. त्याला सायकल सत्तामनंच शिकवलेली. मिश्ख़सला पोलिसांनी त्याच दुपारी उचललं. पण आमच्याकडं गोष्ट तिथं संपत नाही. शुहूबींच्या घराघरांत गाद्यांच्या वळकट्या बांधायला सुरुवात झाली.

वदहानं सत्तामला विद्यापीठाच्या ओसरीत गाठलं. तो चालत होता, म्हणून तीही सोबत चालू लागली.

"मिश्ख़सचे आणि माझे पणजोबा एकच," ती म्हणाली. "मोजलं मी. तीन बोटं सुटली. खंजीर हातातच राहिला."

सत्ताम चालतच राहिला.

"बाबा म्हणतात, मावशीच्या गावी जायचं. तिथून विद्यापीठ जमणार नाही. म्हणाले, शिक्षण राहू दे, जीव वाचतोय ते बघ."

"माझा भाऊ गेलाय, वदहा."

"ठाऊक आहे. अल्ला त्याच्यावर दया करो. पण त्याला मी मारलं नाही." ती थांबली. "तुम्ही म्हणाला होतात, बोलव. मी बोलवायला आलेय."

त्यानंतर सत्तामनं घरात ज्या फेऱ्या घातल्या, त्यानं अमशाचं डोकं उठलं. "फरशी झिजवून निकाल लागणार असंल तर झिजवा," ती म्हणाली. "नाहीतर जिथं बोलायचंय तिथं जाऊन बोला."

दहाम काकांच्या दारात बैठकीसाठी तंबू उभा राहिला. शुहूबींच्या वतीनं शब्द टाकायला इतर कुळांतली वडीलधारी मंडळी तपकिरी झगे घालून आली. त्यांच्या म्होरक्यापुढं वेलदोड्याची कॉफी आली आणि त्यानं पेला न पिता जमिनीवर ठेवला. मागणं मान्य होईतो घोट घ्यायचा नाही, ही रीत.

दहाम म्हणाला, "सूड थांबवतो. पण त्यांची तीन पिढ्यांतली सगळी घरं गाव सोडतील. कबूल असंल तर पी."

म्होरक्यानं मान डोलावली आणि हात पेल्याकडं नेला. तेवढ्यात यजमानांच्या रांगेत बसलेल्या सत्तामनं स्वतःचा भरलेला पेला खाली ठेवला.



"पी, सत्ताम," दहाम म्हणाला.

"मागणं आहे, काका."

"घरचा माणूस कधीपासून पाव्हणा झाला?"

सत्ताम उठला, पेला घेऊन तंबू ओलांडून पलीकडं गेला आणि मागणाऱ्यांच्या रांगेत बसला. "आता झालो."

मागून एक भाऊबंद खेकसला, "त्याला सांगा कुणीतरी, हा त्याचा वर्ग न्हाय!"

"मिश्ख़सला न्यायालय देईल ती शिक्षा होऊ दे," सत्ताम म्हणाला. "पण ज्यांनी हात उचलला नाही त्यांची दारं बंद नका करू. एकही घर उठू नये."

दहामनं हातातली जपमाळ आवळली. "माझं पोर मातीत, आन् रोज सकाळी त्यांच्या चुलीचा धूर मी बघायचा? तो बघून उरलेल्या पोरांतल्या एकाचं डोकं फिरलं तर? तुला वाटतं मी त्यांना हाकलतोय. मी त्यांना वाचवतोय, येड्या. आन् माझ्या पोरांनापण."

 सत्तामचा गुडघा नुसता हलत राहिला. कॉफीवरची वाफ गेली.

शेवटी दहामच बोलला. "एक घर. तुझ्या तोंडाकडं बघून देतो. एकच. नाव सांग आन् पी."

आता नाही म्हणावं तर तेही एक जाणार.  "वदहाच्या बापाचं," सत्ताम म्हणाला आणि गार कॉफी एका घोटात गिळली.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी वर्ग भरला. गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं लादलेले ट्रक तोवर घाट उतरून गेले होते. वदहा पहिल्या बाकावर होती. सत्ताम फळ्याकडून खिडकीकडं निघाला तसा तिनं हात वर केला.

"डॉक्टर, परीक्षेत काय लिहू? माझा हक्क होता म्हणून मी राहिले, की तुम्ही मागितलंत म्हणून?"

कुणीही हसलं नाही.

"मी मागितलं म्हणून," सत्ताम म्हणाला. "तेच लिही. खोटं लिहिलंस तर मार्क कापीन."

"आणि माझे काका? त्यांची पोरं?"

त्या दिवशी तास अर्धाच झाला.

शुक्रवारच्या नमाजानंतर सत्ताम दहामच्या घरी गेला. काकानं कॉफी ओतली. सत्तामनं पेला उचलला आणि अलगद जमिनीवर ठेवला. दहामनं त्याच्याकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं आणि जपमाळ ओढत राहिला. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

"कॉफी महाग झालीय, ठाऊक हाय का?" एकदा दहाम करवादला. "दर शुक्रवारी मातीत ओततोय मी."

"मग येऊ द्या की ती घरं परत."

"ऊठ. निघ इथनं."

सत्ताम उठला नाही. पायाला मुंग्या आल्या, गुडघा हलत होता, बोटं चटईचे धागे उसवत होती. पण तो बसून राहिला. ऊन उंबऱ्यावरून सरकून अंगणात गेलं. दहामनं पुन्हा किटली शेगडीवर ठेवली.