वीज पडलेली होडी

चाचा भित्रे होते आणि ते लपवत नसत. लोहाऱ्याकडच्या धरणाच्या पाण्यावर होडी चालवणारा माणूस, पण ढग नुसता गडगडला तरी त्यांचा चेहरा उतरायचा. "बाई, भ्या वाटतंय, आज न्हाय," असं ते सगळ्यांदेखत सांगायचे. लोक हसायचे. पलीकडच्या गावातल्या शाळेत मी शिकवायचे. रस्त्यानं मोठा वळसा पडायचा, म्हणून रोज त्यांच्याच होडीनं जायचे.

चाचा मूळचे सुतार. होडी त्यांनीच बांधलेली. मधोमध सागाची डोलकाठी, जुने फ्लेक्स जोडून शिवलेलं शीड. वारा भरला की त्यावरचा कुठल्याशा पुढाऱ्याचा अर्धा चेहरा फुगायचा. "बिस्मिल्ला म्हणा नायतर राम म्हणा, पण मधी बसा," असं ते प्रत्येकाला बजावायचे.

परतीच्या पावसाचे दिवस होते. शाळेतून येताना आभाळ एकाएकी काळं झालं. होडीत आम्ही दोघंच. चाचांनी शीड उतरवलं आणि जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. होडी काठाला बांधून आम्ही चहाच्या टपरीच्या आडोशाला पोचतो न पोचतो तोच वीज पडली. तो आवाज मला कानांपेक्षा छातीत जाणवला. डोळे उघडले तेव्हा डोलकाठी वरपासून चिरली होती आणि तिच्यातून धूर निघत होता. चाचांनी टपरीच्या खांबाला मिठी मारली होती.

सकाळी लोक जमले. होडीत पाणी साचलं होतं, ते पावसाचंच असं सगळ्यांनी ठरवलं. डोलकाठी गेली तर वल्ह्यानं चला, म्हणाले. चाचा ऐकेनात. डोलकाठीला ताणून धरणारी तार खाली फळीतल्या खिळ्याला बांधलेली होती. वीज तारेनं खाली गेली असणार. मग होडीतून बाहेर कुठून गेली, एवढंच ते विचारत राहिले. बुडावरून पुन्हा पुन्हा तळवा फिरवला. काहीच सापडलं नाही.

मग त्यांनी होडी ओढून दगडांवर चढवायला लावली, आत पाणी ओतायला सांगितलं आणि स्वतः खाली सरपटत गेले. तेवढ्यात पुन्हा गडगडायला लागलं. लोक पांगले. मी बादली हातात घेऊन उभी. "चाचा, बाहेर या ना," म्हटलं.

"भ्या वाटतंय बाई," खालून आवाज आला, "पण आता उठलो तर परत हितं शिरायचो न्हाय. तुम्ही जावा."

मी गेले नाही. पाणी ओतत राहिले. शेवटी फळीतून एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला. थेंब जिथून आला तिथं त्यांनी अंगठा दाबला, तर तो रंगाचा पापुद्रा फोडून सरळ आत गेला. वरून धडधाकट दिसणारी फळी आतून कोळसा झाली होती. चाचा बाहेर आले, चिखलात बसले आणि काळा झालेला अंगठा बघत लहान मुलासारखे रडले. "माणसं भरून मधी गेलो आसतो," एवढंच म्हणाले.

फळी बदलल्यावर पहिल्या फेरीला त्यांनी कुणालाच घेतलं नाही. एकटेच पार मध्यापर्यंत गेले, तिथं थांबले आणि खाली वाकून दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं डोकं वर आलं. परत आल्यावर म्हणाले, "हात फिरवून आलो. कोरडं हाय. चला."

पुढं माझी बदली धाराशिवला झाली. गेल्या हिवाळ्यात चाचा गेल्याचं कळलं, तशी मी चाचींना भेटायला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्यांना पवता येत नव्हतं, बाई. तेवढं कुणाला सांगू देत नव्हते."

हातातला चहा मी खाली ठेवला. एवढ्या मोठ्या पाण्याच्या मधोमध, होडीच्या बुडाशी एकटे वाकलेले चाचा मला दिसत होते.