मेहुण्याचा पिक्चर

या साइटवरचे अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर टिंगल करायलाच वाचतेय. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या घरी रिकामा पाळणा हलतो... मी वाचायचे आणि मनात म्हणायचे, काय फेकतायत लोक! आमचं बौद्ध घर. नवस नाही, उपास नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. लहानपणी शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली तेव्हा बाबांनी त्यांना जिन्यात बसवून अर्धा तास विज्ञान शिकवलं होतं. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मीही हसले असते.

आधी जागा नीट सांगते, कारण तिचा पुढे संबंध आहे. विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगर, म्हाडाची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, वन रूम किचन. आत शिरलं की डाव्या हाताला शोकेस, त्यात टीव्ही, टीव्हीखालच्या खणात डीव्हीडी प्लेअर. समोरच्या भिंतीला दिवाण. दिवाणावर बसलं की प्लेअर सात-आठ फुटांवर, म्हणजे हात पोचायचा प्रश्नच नाही.

बाबा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मूळचे वाशीमकडचे, शिक्षण आठवी. क्रिकेट नाही, पत्ते नाहीत, दारू तर नाहीच. त्यांना एकच वेड — हॉलीवूडचे पिक्चर. मारामारीचे किंवा विनोदी, आणि दोन्ही एकात असलं तर विचारूच नका. मार्केटातला सीडी लायब्ररीवाला जुन्या डीव्हीडी विकायला काढायचा, त्या बाबा पिशवी भरून आणायचे. इंग्रजी नावं लक्षात राहायची नाहीत म्हणून आमच्या घरात पिक्चरना आमचीच नावं होती. बर्फातला. पाणबुडीचा. दोन म्हाताऱ्यांचा. आणि सगळ्यांत लाडका, मेहुण्याचा. एक टकला पोलीस, आणि त्याच्या घरी येऊन ठाण मांडून बसलेला बडबड्या मेहुणा, एवढीच त्याची गोष्ट. तो आम्ही इतक्या वेळा पाहिला की आईला आतून नुसत्या आवाजावरून कळायचं कुठला सीन चाललाय.

रविवारी जेवणं झाली की तीनच्या सुमाराला पिक्चर लागायचा. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं. मला कळायचं... म्हणजे, बाबांची तशी समजूत होती. मी मराठी शाळेत सहावीला. इंग्रजीत गाईवर दहा ओळी लिहिता यायच्या, तेवढीच माझी मजल. पण पद्धत पडून गेली ती गेलीच. पडद्यावर कुणी लांबलचक बोललं की बाबा रिमोटने पॉज करायचे. टीव्हीच्या कोपऱ्यात दोन हिरव्या उभ्या रेघा यायच्या. बाबा माझ्याकडे वळून विचारायचे, "सांग माय, काय म्हणून राह्यला तो?" मी सांगायचे, ते हसायचे, आणि मगच पिक्चर पुढे.

पहिल्या वेळी मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण बाबा इतक्या भरवशाने बघत होते की 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. दिलं ठोकून. पोलीस दार उघडतो आणि समोर मेहुणा ॲप्रन घालून उभा, तिथे मी म्हटलं, "दाजी, तुमची वर्दी मी भिजत घातलीय, आज बनियनवरच चोर पकडा!" बाबा हसून हसून दिवाणावर आडवे. मग काय, मी सुटलेच. मेहुणा कलिंगडाच्या ट्रकला मागून लटकतो — "दाजी, हळू चालवा, माझं अजून लग्न व्हायचंय!" धिप्पाड व्हिलन बंदूक रोखून पाच मिनिटं भाषण ठोकतो — "मी दहावी पास आहे, माझ्याशी नीट बोला!"

आणि शेवटचा सीन. सगळी मारामारी संपलेली, पोलीस अँब्युलन्सच्या पायरीवर बसलेला, शेजारी मेहुणा, आणि तो हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलतो. तिथे मी म्हणायचे, "दाजी, भूक लागली. ताईने मटण केलंय, घरी चला." की बाबा हसून आत हाक मारणार, "ऐकलं का, चहा ठेवा." दर वेळी, न चुकता.

आता गंमत बघा. आज मी अंधेरीत सबटायटलचं काम करते. इंग्रजी पिक्चर, त्यावर मराठी-हिंदी ओळी. नवीन पोरापोरींना माझा धाक आहे. एक शब्द पदरचा घातला की मी फाडून खाते. "तो जे म्हणालाय ते लिहा रे, तुम्हाला सुचलंय ते नको," हे माझं रोजचं वाक्य.

लग्नानंतर मी मुलुंडला. विक्रोळी काही परदेशात नाही, रिक्षात बसलं की अर्धा तास. तरी रविवार हुकायला लागले. आणि मग मी शहाणपणा केला. बाबा रिटायर झाल्यावर त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, ॲप टाकून दिलं, सगळे पिक्चर हिंदीत. मेहुण्याचाही सापडला त्यात. लावून दाखवला आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "बाबा, आता माझी गरजच नाही. सगळं बरोब्बर हिंदीत आहे, आरामात बघा."

बाबा म्हणाले, "हो ना. चांगलं झालं."

'माझी गरजच नाही' म्हणताना मला अभिमान वाटला होता, ते आठवलं की स्वतःची शरम वाटते.

आई सांगायची, ते हिंदीतला दहा मिनिटं बघतात आणि बातम्या लावतात. अधूनमधून शनिवारी बाबांचा फोन यायचा. "उद्या येतेस का वो? मेहुण्याचा लावू." मी म्हणायचे, "बाबा, हिंदीत बघा ना, डेडलाईन आहे." शेवटचा असा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या कॉलवर होते, "पुढच्या रविवारी नक्की" म्हणून ठेवला. त्या गुरुवारी सकाळी बाजारात त्यांच्या छातीत कळ आली. पुढचा रविवार आलाच नाही.

पाच महिन्यांनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी करायची वेळ आली. आईला मुलुंडला न्यायचं ठरलं होतं. त्या रविवारी मी सामान आवरायला गेले. दुपारचे तीन, लख्ख ऊन, खाली गॅसवाल्याची हाळी... म्हणजे भुताच्या गोष्टीला लागतं त्यातलं काही नव्हतं. आई ओट्यावरचे डबे पुसत होती. तिथूनच म्हणाली, "ते मशीन चालतं का बघ गं. नसेल तर भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी प्लेअर मोठ्या टीव्हीला जोडला. पिशवीत वरच मेहुण्याचा होता, तोच घातला. चालू झाला. बघू दोन मिनिटं म्हणून दिवाणावर टेकले.

पोलिसाने दार उघडलं, मेहुणा ॲप्रनमध्ये, बोलला... आणि चित्र थांबलं. कोपऱ्यात दोन हिरव्या रेघा.

मी प्लेअरचा रिमोट शोधला. टीव्हीमागे सापडला, दाबला, काही नाही. आई म्हणाली, "त्यातले सेल मी घड्याळाला घातलेत, कधीचे." मागचं झाकण उघडून पाहिलं, खरंच रिकामा. उठून प्लेअरवरचं प्ले दाबलं. दोनदा, तीनदा. ढिम्म. मी परत येऊन बसले तर आईने हातातला डबा न ठेवता, सवयीने बोलावं तसं म्हटलं, "सांग की मग, काय म्हणाला तो."

मला हसू आलं. म्हटलं, "दाजी, तुमची वर्दी मी भिजत घातलीय, आज बनियनवरच चोर पकडा."

रेघा गेल्या. पिक्चर पुढे सुरू.

योगायोग, मी मनात म्हटलं. कलिंगडाच्या ट्रकला पुन्हा थांबला. या वेळी मी मुद्दाम गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण दोन मिनिटं मोजली. मग "माझं अजून लग्न व्हायचंय" म्हटलं, आणि ट्रक निघाला. व्हिलनच्या भाषणाला तेच. जिथे बाबा थांबवायचे बरोबर तिथेच, एक क्षण इकडे नाही की तिकडे. तोवर आई ओले हात पदराला पुसत येऊन माझ्या शेजारी बसली होती. आम्ही दोघीही एकमेकींकडे बघत नव्हतो. भीती वाटली का? नाही.

मग तो शेवटचा सीन आला. अँब्युलन्सची पायरी, शेजारी मेहुणा. आणि मेहुणा काय बोलतो ते मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ते माझ्या कानांवरून जात होतं, आणि हिंदीतला तर मी पाच मिनिटांच्या वर कधी पाहिलाच नव्हता. चित्र थांबलं. दोन हिरव्या रेघा.

मला वाटलं, इथे तरी खरं सांगावं. एवढी वर्षं बाबांना फसवलं, आता तरी नको. मी जे होतं ते सांगितलं, माझ्या धंद्याच्या शिस्तीने, शब्दाला शब्द — "दाजी, तुम्ही आठवडाभर गावाला वाचवत फिरलात. मला कुणी वाचवायला नको होतं. तुम्ही शेजारी येऊन बसावं, एवढंच हवं होतं."

पण चित्र हललं नाही.

मी वाक्य बदलून पाहिलं. आणखी नेमकं केलं, 'हवं होतं' काढून 'वाटत होतं' घातलं. ऑफिसात करते तसं. रेघा तिथेच. पंख्याचा आवाज येत होता. मी रडायला लागले आणि म्हणाले, "बाबा, असंच आहे हो ते. मी तेव्हा खोटं सांगत होते."

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तसं नको गं सुजा. तुझं म्हण."

"दाजी, भूक लागली," मी म्हटलं. "ताईने मटण केलंय. घरी चला."

रेघा गेल्या. पोलीस हसला, कॅमेरा वर गेला, नावं आली. आईने उठून चहा ठेवला.

चहा घेताना मी तिला विचारलं, "आई, बाबांना माहीत होतं?"

"नाहीतर काय," आई म्हणाली. "तू शाळेच्या सहलीला गेली होतीस बघ, त्या रविवारी कंपनीतला एक इंजिनियर आला होता घरी. त्याने हाच पिक्चर सगळा नीट समजावून सांगितला. तो गेल्यावर मला म्हणतात, याचा पिक्चर बेकार आहे. आपल्या पोरीचा चांगला."

"मग मला का नाही बोलले?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस ना."

मी कप खाली ठेवला. इंजिनियरचा बेकार पिक्चर मीच त्यांना परत लावून दिला होता, मोठ्या टीव्हीवर, हिंदीत. आणि वर म्हटलं होतं, आता माझी गरज नाही.

ऑफिसातल्या टेक्निकलच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, डिस्क घासली असेल, लेन्सवर धूळ असेल. मी म्हटलं, घासलेली डिस्क अडकते तेव्हा चित्राचे चौकोन होतात, पॉजचं चिन्ह येत नाही. आणि बोलल्यावर सुटते कशी? त्याने डिस्क उन्हात धरून बघितली. एक ओरखडा नव्हता. मग तो खांदे उडवून जेवायला गेला. प्रतिसादात कुणाकडे बरं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही, आणि गेलं वर्षभर शोधूनही मिळालेलं नाही.

एक मात्र सांगायला हवं. आईचं सामान मुलुंडला आलं तेव्हा तो प्लेअर मी भंगारात दिला नाही. तोच प्लेअर, तीच डिस्क, तोच टीव्ही, रविवार, दुपारचे तीन. रिमोटमध्ये सेलही घातले नाहीत. बसले समोर.

एकदाही थांबला नाही. मी तरी माझी सगळी वाक्यं म्हटली, पण पिक्चर पुढे पळत होता आणि मला भराभर बोलावं लागत होतं. शेवटच्या सीनला माझं "घरी चला" म्हणून होईपर्यंत नावं वर सरकायला लागली होती.