नातवाच्या पावणेएकोणतीस मुठी

आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडाने सांगू! सव्वीस वर्षं धुळ्याच्या ऑफिसात तक्ते भरले, बेरजा केल्या, साहेबांच्या सह्या घेतल्या. आणि माझी अब्रू गेली कुठे? तर गावच्या घरी, मूठमूठ गहू मोजताना!

खान्देशाबाहेरचं कोणी बसलं असेल तर आधी एवढं ऐकून घ्या. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तान्ह्या पोराच्याही नावाने. ते दळून जे पीठ होतं, तो रोट. हा रोट फक्त घरच्यांनी खायचा. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही. आमच्या घराण्यात तर तो गावाची शीवसुद्धा ओलांडत नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपला पाहिजे, चिमूटभरही उरता कामा नये. उरला तर दोष कोणाला लागतो? अख्ख्या घराण्याला!

पारोळ्याजवळच्या आमच्या गावी ह्या मुठी नाना मोजायचे. नाना म्हणजे माझे थोरले काका, वय ऐंशी. चाळीस वर्षं तेच मोजत आले. पाटावर बसायचे, एकेकाचं नाव घ्यायचे, मूठ टाकायचे. कधी उरलं नाही, कधी तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका पुतण्याचं नाव घ्यायचं राहिलं आणि त्याची बायको दिवाळीपर्यंत फुगून बसली.

झालं! मला कोणी विचारलं होतं का? नाही. पण गप्प बसेन तो मी कसला!

"नाना," मी म्हटलं, "तोंडी हिशोबाचा जमाना गेला. मी कॉम्प्युटरवर शीट करतो. एकही नाव सुटणार नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस वरीस मी मुठ्या मोज्यात. कोनी उपाशी ऱ्हायना का?"

"तसं नाही हो. पण तुमचा हात आता म्हातारा झाला. मूठ कमी भरत असेल."

हे वाक्य मी बोललो. मोठ्या माणसाला! नाना उपरण्याला हात पुसत उठले आणि म्हणाले, "बरं भाऊ. तू कर."

आणि मी केलं की हो! ऑफिसात असं शीट कोणी केलं नसेल. तेवीस पुरुष, वयाच्या क्रमाने. पहिले नाना, नववा मी, शेवटचा तेविसावा माझा तीन महिन्यांचा नातू. रकाने किती? अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, वय, मुक्काम, मोबाइल, रक्तगट. रक्तगट कशाला, ते विचारू नका. शेवटचा रकाना मुठींचा. एकेक आकडा हाताने कशाला टाकायचा? सूत्र टाकलं, सव्वाने गुणायचं. पहिली ओळ तपासली. नाना: सव्वा मूठ. बरोबर! मग तेच सूत्र माउसने धरून खालपर्यंत सर्र ओढलं आणि तळाशी बेरीज घेतली. आली तीनशे पंचेचाळीस.

तीनशे पंचेचाळीस मुठी! एखाद्याला संशय आला असता. मला आला अभिमान. बघा म्हटलं, नाना इतकी वर्षं किती कमी घेत होते! मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी एक मूठ मोजली, भरली सत्तर ग्रॅम. म्हणजे गहू लागणार चोवीस किलो.

आता छापायची वेळ. एवढे रकाने ए-फोरवर मावेनात, उजवीकडचे दोन दुसऱ्या पानावर पळाले. मोठा कागद हवा. ऑफिसात आम्ही जन्मभर दोनच कागद पाहिले, ए-फोर आणि लीगल. ए-फोर लहान पडतो ना? मग त्याच्यापुढचा घ्या! चारानंतर काय येतं? पहिलीतलं पोरही सांगेल.

पारोळ्याच्या सलीमभाईंना फाइल मोबाइलवर पाठवली आणि फोन लावला. त्यांचं झेरॉक्सचं दुकान, माणूस भला.

"सलीमभाई, ए-फाइव्हवर दहा प्रती काढून ठेवा. जाता जाता घेतो."

"साहेब, ए-फाइव्ह? तो लहान असतो. मोठा पाहिजे तर ए-थ्री घ्या."

"अहो, तीन मोठे की पाच मोठे?"

"आकड्यात पाच मोठे साहेब. कागदात उलटं असतं. ए-थ्री मधोमध घडी केला का ए-फोर होतो. ए-फोर घडी केला का ए-फाइव्ह."

"सव्वीस वर्षं कागदातच गेली माझी, सलीमभाई! मी सांगतो ते करा. आणि सगळं एकाच पानात बसवा."

मग सलीमभाई म्हणाले, "जशी तुमची मर्जी, साहेब." तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकू आलं की माणसाने तिथेच थांबावं. मी थांबलो नाही.

शनिवारी बस पारोळ्याला दोन मिनिटं थांबली. खिडकीतूनच बंद पाकीट घेतलं. घरी ओसरीवर सगळ्यांसमोर ऐटीत फोडलं, आणि आतून निघाले वहीच्या पानाएवढे दहा कागद! नावांच्या ओळी इतक्या बारीक की सुईत दोरा ओवणाऱ्या माझ्या बायकोनेही हात टेकले. वाचता येत होती ती दोनच ठिकाणं. पहिली ओळ मी ठळक केली होती, नानांचा मान म्हणून. आणि तळाची बेरीज मी केली होती लाल, टपोरी.

नानांनी चष्मा पुसला, कागद जवळ नेला, लांब नेला.

"हाई यादी शे का बसनं तिकीट शे?"

"मुद्दाम छोटी केलीय नाना. खिशात मावते."

"मनं नाव दिखस. सव्वा मूठ. बराबर शे. आनि खाले हाऊ मोठा आकडा. मधमा त्या मुंग्या शेतस का?"

"मधलं बघायची गरज नाही नाना. कॉम्प्युटर चुकत नाही."

"पन चोवीस किलो? वऱ्हाड येनार शे का?"

"कुटुंब वाढलंय!" मी जरा जोरातच म्हणालो. बायकोने, सुनीताने, माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसालाच त्याचा अर्थ कळेल. पण कानबाईच्या कामात वाद नको म्हणून सगळे गप्प बसले. चोवीस किलो गहू कानबाईच्या नावाने निघाले. आणि देवीच्या नावाने काढलेलं परत कोठीत जात नाही, हे लक्षात ठेवा.

रविवारी थाटात झालं सगळं. पुण्याहून, सुरतेहून, नाशिकहून पोरं आली, गाणी झाली, पुरणपोळ्या झाल्या. तीस माणसांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं, तेव्हा पाच किलो पीठ संपलं. सोमवारी विसर्जन झालं आणि नोकरीवाले गाड्या काढून पसार! माझा मुलगाही सून आणि नातवाला घेऊन पुण्याला गेला. घरात मागे उरलो आम्ही नऊ जण.

सुनीताने डबा उघडला. "अहो, एकोणीस किलो आहे अजून. पौर्णिमा शनिवारी."

माझी पुतणी पल्लवी कॉलेजात जाते. तिने माझी ती चिठोरी उचलली, मोबाइलने फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. आम्हा कोणाला सुचलं होतं का हे? नाही!

"काका, बाळाच्या नावापुढे पावणेएकोणतीस मुठी का आहेत?"

"काय?"

"तीन महिन्यांचं आहे ते! आणि तुमच्यापुढे सव्वाअकरा. दोन नंबरला अडीच, तीन नंबरला पावणेचार... काका, तुम्ही अनुक्रमांकाला सव्वाने गुणलंय!"

नाना एक नंबरला, म्हणून त्यांची सव्वा मूठ बरोबर आली. बाकी ज्याचा नंबर जितका मोठा, तितका तो खादाड! पल्लवीने तिथेच हिशोब केला. "तेवीस गुणिले सव्वा, पावणेएकोणतीस. म्हणजे सगळ्या घराण्याला जेवढं लागायचं, तेवढं तुम्ही एकट्या बाळाला दिलंत. दोन किलोत भागलं असतं." मग दारात थांबून म्हणाली, "आणि यादीत बाई एकही नाही. पोळ्या कोण लाटणार, ते आहे का कुठल्या रकान्यात?"

नानांकडे पाहायची हिंमत होईना. चाळीस वर्षांत त्यांनी रोट उरू दिला नव्हता, आणि मी त्यांना म्हातारा हात म्हटलं होतं. फार लाज वाटली हो.

नाना मात्र शांतपणे भिंतीला टेकून बसले. "आते काय करता? जो कागद कया, तोच चालनार. ज्याना नावपुढे जितलं, तितलं त्यानं खावानं. जे गयात त्यासनं त्यासना बापनी खावानं. मनं सव्वा मूठ."

बापाने खायचं! म्हणजे माझं सव्वाअकरा, सतराव्या नंबरच्या माझ्या पोराचं सव्वाएकवीस, आणि नातवाचं पावणेएकोणतीस. नातवाच्या बापाच्या वाटचंही मीच खायचं, कारण तो पुण्यात! सव्वाएकसष्ट मुठी माझ्या एकट्याच्या नावावर!

ऑफिसात रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. काय सांगणार? "पोळ्या संपवायच्या आहेत"? पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. बुधवारपर्यंत ते खरंही झालं.

सकाळी दशम्या, दुपारी पोळ्या, चारला शिरा, रात्री बट्ट्या. गुरुवारी वरणफळं. लाटायला मला बसवलं, पल्लवीचा हुकूम! शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या, तर दार अर्धवटच उघडलं. तुपातल्या शिऱ्याचा घमघमाट, आणि 'बसा' म्हणायची सोय नाही. अक्का अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी ताटावर डोळे मिटून बसलो होतो. हलवेना. समोर नानांचं जेवण कधीच झालेलं, त्यांची सव्वा मूठ सोमवारीच संपलेली. डोळे उघडले तर माझ्या ताटातल्या दोन पोळ्या गायब, आणि नाना तिकडे तोंड करून हळूहळू चावताहेत. ऐंशी वर्षांचा माणूस! मी पुन्हा डोळे मिटले.

शनिवारी चांदणं पडायच्या आत डबा रिकामा झाला. सुनीताने उपडा करून ठोकून दाखवला. मी ओसरीवर आडवा झालो, पँटचा हुक केव्हाच सोडलेला. नाना ती चिठोरी हातात घेऊन शेजारी बसले.

"हाऊ कागद कोनता म्हने?"

"ए-फाइव्ह, नाना."

"आनि मोठा कागद?"

"ए-थ्री."

"म्हंजे आकडा जितला मोठा, तितला कागद धाकला?"

"हो नाना. अर्धा अर्धा होत जातो."

नानांनी कागदाची नीट घडी केली. आणखी एक घडी केली. खिशात ठेवला.

"आनि तुनं वय कितलं व्हयनं रे आते?"

"बावन्न."

"तरीच," नाना म्हणाले.