बाराचा पाना

दाजी गेल्याचा आक्काचा फोन आला तेव्हा मी इस्लामपुरात, दारात मोटारसायकल पुसत होतो. ‘‘बाळू, ह्यांनी डोळं मिटलं रं... घरी घेऊन चाललोय,’’ एवढंच ती सांगलीच्या दवाखान्यातून बोलली. मी ‘निघतो’ म्हणालो, फोन खिशात टाकला आणि गाडीची बाजूची पेटी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेला बारा नंबरचा पाना होता. दाजींचा. थोरल्या बहिणीचा नवरा गेल्यावर माणूस आधी रडतो. मी आधी पाना शोधला. महिना उलटून गेला तरी त्याचं कारण कुणाला सांगायचं धाडस झालेलं नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

दाजी पलूसकडचे, घरचा ऊस, पण हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून भरती झाले. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते त्यांचं विमान. बरीच वर्षं बंगळूरला ते एका प्रायोगिक लढाऊ विमानावर होते. एरवी लढाऊ विमानांचे पंख मागं झुकलेले असतात, याचे पुढं. फोटो काढायची मुभा नव्हती, म्हणून दाजी दोन्ही हात पुढं तिरके धरून दाखवायचे आणि आक्का म्हणायची, ‘‘गळाभेट घ्याय निघाल्यागत दिसतंय.’’ अशी दोनच तयार झाली. चाचण्या चालल्या, मग वरून हुकूम आला आणि सगळं गुंडाळलं. लढाई त्या विमानानं पाहिलीच नाही. पंधरा ऑगस्टला गावात माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या मिळायच्या, दाजी मात्र मागं, शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. ‘‘दाजी, तुमचं विमान म्हणजे रुखवतातलं, बघण्यापुरतं,’’ असं मी एकदा चारचौघांत म्हणालो. मास्तर माणूस, जीभ जरा सैल. सगळे हसले. दाजीही हसले आणि सावकाश म्हणाले, ‘‘पाव्हणं, त्यात बसून वर गेल्याला गडी दर बारीला खाली आला. आमच्या हातात तेवढंच हुतं.’’

त्यांच्या कामाची एक रीत त्यांनी मला अनेकदा समजावली होती. कारखान्यात भिंतीवर मोठी फळी असायची. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती तांबड्या रंगानं काढलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. प्रत्येकाकडं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला. हत्यार घेतलं की त्या जागी आपला बिल्ला अडकवायचा, हत्यार आणून लावलं की बिल्ला परत घ्यायचा. फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला तरी विमान हलायचं नाही आणि ज्याचा बिल्ला, त्यानं घरी जायचं नाही. विसरलेला पाना विमानाच्या पोटात राहिला तर वर गेलेला माणूस परत यायचा नाही, म्हणून ही रीत.

एकदा चाचणी बघायला दिल्लीहून मोठी माणसं आली होती. वैमानिक आत बसलेला. फळीवर बाराच्या पान्याच्या जागी बिल्ला, आणि तो दाजींचाच. दाजींनी स्वतः जाऊन उड्डाण थांबवलं. दोन तास पॅनेलं उघडून शोधाशोध झाली. शेवटी कुणाचं तरी लक्ष दाजींच्या पाठीकडं गेलं. आपल्याकडं उसात शिरताना कोयता पाठीमागं कमरेला खोचतात, तसा पाना त्यांनी खोचला होता आणि साफ विसरले होते! तोवर वारं सुटलं, उड्डाण रद्द झालं, पाहुणे परत गेले. पुढं प्रकल्प बंद पडला तेव्हा कुणीतरी गमतीनं म्हणालं, ‘या पान्यानं विमान खाल्लं.’ गंमत करणारा विसरला असेल, दाजी विसरले नाहीत. ‘‘त्या दिवशी उडालं असतं तर...’’ म्हणायचे आणि थांबायचे. ‘‘मग गप्प बसायचं की,’’ मी एकदा म्हणालो. ‘‘आन् पाना आत असता तर?’’ त्यांनी विचारलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शेतघराच्या मागच्या खोलीत तशीच फळी केली. आक्काच्या खुरप्यालासुद्धा तिच्यावर आकृती होती. दोन वर्षांपूर्वी मी गाडीसाठी बाराचा पाना मागितला. ‘‘न्या. पर आणून लावा,’’ एवढंच ते म्हणाले. मी आज-उद्या करत राहिलो.

शेवटच्या आजारात त्यांना सांगलीला हलवायचं ठरलं, तेव्हा मी तिथं होतो. गाडी दारात, दाजी स्ट्रेचरवर, दार लावणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. ‘‘पाव्हणं, बाराचा आला का?’’

मी एसटीनं आलो होतो, पाना इस्लामपुरात मोटारसायकलच्या पेटीतच होता. ‘‘आला की दाजी. जागेवर लावलाय,’’ मी म्हणालो.

त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. ‘‘मग सोडा गाडी,’’ म्हणाले. ज्या माणसानं पान्यासाठी अख्खं उड्डाण अडवलं, त्याची शेवटची गाडी माझ्या खोट्यावर हलली. तीन दिवसांनी तो फोन आला.

पलूसला पोचलो तेव्हा दाजींना अंगणात ठेवलं होतं. मी कुणाशी न बोलता मागच्या खोलीत गेलो. फळी नीट भरलेली. फक्त बाराच्या आकृतीवर, खिळ्याला, झिजलेला पितळी बिल्ला लटकत होता. त्यांचा स्वतःचा, बंगळूरहून आणलेला. पाना मी नेला होता आणि बिल्ला त्यांनी आपला लावला होता... म्हणजे गाडीत विचारलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मला खरं बोलायची संधी तेवढी दिली होती.

मागून आक्का आली. रडून तिचा आवाज बसला होता. ‘‘दोन वर्सं तसाच हाय त्यो. मी म्हणलं, बाळूला फोन लावते, तर म्हणालं, मास्तर माणूस, लाजंल. ऱ्हाऊ दे माझ्या नावावर.’’

मला तिथंच रडू कोसळलं. मग खिळ्यावरचा बिल्ला काढला, पाना लावला आणि अंगणात येऊन, त्यांना उचलण्याआधी, तो बिल्ला त्यांच्या मुठीत ठेवला. रीतीप्रमाणं तो ज्याचा त्याला परत द्यायचा असतो, मगच माणसानं निघायचं. बघणाऱ्यांना काही कळलं नाही. आक्कानं मूठ मिटवली.

परवा पलूसला गेलो होतो. आक्का आता रोज संध्याकाळी फळीसमोर उभी राहते, एकेका हत्याराला बोट लावते आणि मग खोलीला कडी घालते. मी मागं उभा होतो. तिनं बाराच्या पान्याला बोट लावलं आणि वळून न बघता म्हणाली, ‘‘हाय जागेवर.’’