दुसरी सुई

आईचा डावा डोळा माझ्या लहानपणीच गेला होता. उजवा लाल होऊन ठणकायला लागला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मिठागरावरच्या उन्हाच्या चमकेनं डोळा आलाय, असं म्हणत वडिलांनी आठवडा धण्याच्या पाण्यावर काढला. आईला माणसं धुरकट दिसू लागली, तेव्हा कुठे बैलगाडी पनवेलला निघाली.

तिथे मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर दर मंगळवारी येत. डोळ्याच्या आत सूज आहे, नवीन औषध निघालंय, पण त्याची सुई डोळ्यातच द्यावी लागेल, असं ते म्हणाले. थेंब टाकून त्यांनी डोळा बधिर केला. मी आईचं डोकं घट्ट धरलं. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यावर सुई टेकली, तशी मी मान फिरवली. आई हूं की चूं न करता पडून राहिली. बाहेर ओट्यावर वडील गावदेवीला चांदीच्या डोळ्यांचा नवस बोलले.

थोड्याच दिवसांत लाली उतरली. आई तांदूळ निवडू लागली, माझ्या पातळाचा रंग सांगू लागली. आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "सूज दबेल, पण गेली असं समजू नका. पुढच्या मंगळवारी दुसरी सुई." नेमकी त्याच मंगळवारी गावदेवीची जत्रा आली.

"देवीनं डोला दिला, तिचं देनं आदी," वडील म्हणाले. "दुखत नाय, दिसतंय. मंग परत सुई कशाला?"

"पन डॉक्टरनी बोलावलंय ना," मी म्हटलं.

"डॉक्टर काय पलून जातोय? त्याच्या पुढच्या मंगलवारी जाव."

नवऱ्यापुढे बोलायची आईची रीतच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिलाही जत्रेला जायचं होतं. चांदीचे डोळे वाहून आम्ही परतलो आणि त्याच आठवड्यात डोळा पुन्हा पेटला. मंगळवार उजाडेपर्यंत तिला दिवा दिसेनासा झाला. डॉक्टर बराच वेळ आत पाहत राहिले. मग सुई दिली, त्यानंतरही दिल्या. ठणका गेला, नजर आली नाही. वडिलांनी बोल लावला तो डॉक्टरांना. मला त्याचा आजही राग येतो.

हळदीला अंगण बायकांनी भरलं होतं. आईनं चाचपडत माझा चेहरा शोधला, गालांना हळद लावली. मग शेजारणीकडे वळून हळूच विचारलं, "माजी पोर कशी दिसतंय गो?"