कर्ण म्हणजे कान

बाईंना मुलांनी दिलेलं नाव तोंडानं घेता येत नाही. उजव्या हाताचं बोट डाव्या भुवईवरून फिरवलं की ते नाव झालं. विचारात पडल्या की बाई खडूनं माखलेलं बोट त्या भुवईवर घासायच्या आणि दिवसभर एक भुवई पांढरी घेऊन हिंडायच्या, म्हणून ते नाव पडलं.

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत बाई गणित शिकवायच्या. त्या स्वतःही बहिऱ्या. लहानपणी तापात कान गेले, पण तोवर बोलायला शिकल्या होत्या. ओठ वाचून समोरच्याचं समजून घ्यायच्या. आवाज मात्र खरखरीत, कुठेही चढणारा नि कुठेही पडणारा. अनोळखी माणसं हसतात म्हणून चारचौघांत त्या सहसा बोलत नसत.

शाळेत हातांच्या खुणांना बंदी होती. मुलांनी हात बाकावर ठेवायचे, मास्तरांच्या ओठांकडे बघायचं आणि जमेल तसं बोलायचं. मुख्याध्यापकांचा तसा हुकूमच होता. माणूस वाईट नव्हता. खुणा करू दिल्या तर पोरं बोलायची नाहीत, असं त्यांना मनापासून वाटे.

एक दिवस ते बाईंच्या वर्गात आले. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला उठवलं. ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"कर्ण दाखव," मुख्याध्यापक सावकाश, ओठ ताणून म्हणाले.

भिंगरीनं त्रिकोणाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या कानाला हात लावला.

"थट्टा करतेस? त्रिकोणाला कान असतो? जा, बाहेर उभी राहा!"

बाई मध्ये पडल्या. "सर, शाळेच्या पाटीवर 'कर्णबधिर' लिहिलंय. तिथे कर्ण म्हणजे काय?"

"तो कर्ण वेगळा."

"शब्द तोच आहे. तिला एकच अर्थ ठाऊक होता, तो तिनं बरोबर सांगितला."

"बाई, वाद नको," असं म्हणून ते निघून गेले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या, दार लावून घेतलं आणि फळ्यावर काटकोनी चौकोन काढला. हातांनीच सांगू लागल्या. कर्ण म्हणजे कान हे खरंच. जुन्या लोकांनी कोपऱ्यांना कान म्हटलं असावं. या कानापासून समोरच्या कानापर्यंत तिरकी रेघ ओढली, तिलाही कर्णच म्हणू लागले. चौकोन त्या रेघेवर कापला की आपला त्रिकोण. भिंगरीचे डोळे चमकले. तिनं कानाला बोट लावलं आणि तिथून हवेत तिरकी रेघ ओढली. सगळ्या वर्गानं ती उचलली. कर्णाला खूण मिळाली.

मग वर्गाला चेवच चढला. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळावर ताणून बांधलेली. पोरांनी लगेच दोरी खेचली. छेद म्हणजे कापणं, अंश म्हणजे वाटा. तळहातावर सुरी चालवायची आणि आपला वाटा उचलायचा. शून्यावरून मात्र भांडण पेटलं. कोणी रिकामी मूठ दाखवी, कोणी फुंकर मारी.

व्हायचं तेच झालं. मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिलं, तर अख्खा वर्ग धनुष्यं ताणून बसलेला.

"हा काय तमाशा?"

"जीवा शिकतायत, सर."

"हात दाखवून अवलक्षण करू नका, बाई. उद्यापासून तुमच्याकडे शिवण."

घरी ताईनं, बाईंच्या थोरल्या बहिणीनं, समोर बसून समजावलं. "नोकरी आहे, ती सांभाळ. तोंड मिटून गप्प बसावं माणसानं."

"तोंड मिटलेलंच असतं गं माझं," बाई म्हणाल्या. "हात कसे मिटू?"

शिवणाच्या वर्गात हात बांधून बसा, असं कुणाला म्हणणार? बाई कापडाची चौघडी घालायच्या, कोपऱ्यातून त्रिज्या मोजायच्या आणि घेराचा झगा बेतता बेतता वर्तुळ शिकवायच्या. खुणा वाढत गेल्या. अखेर मुख्याध्यापकांनी पालकांची सभा बोलावली आणि जाहीर केलं, की खुणा करणाऱ्या मुलांना शाळेत ठेवणार नाही.

बाई उभ्या राहिल्या. त्या खरखरीत आवाजात, सगळ्यांसमोर बोलू लागल्या.

"माझा आवाज ऐकून हसू येईल. हसून घ्या, मला ऐकू येत नाही." कोणी हसलं नाही. "माझे कान गेले तेव्हा शब्द आधीच आत होते. या मुलांच्या आत शब्द घालणार कोण? आपण ओठांचे आकार शिकवतो. अर्थ कुठून येणार?"

"जगात बोलावंच लागतं, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"लागतं. पण आधी काय बोलायचं ते कळावं लागतं. मी खुणा थांबवणार नाही. काढायचं तर मला काढा, मुलांना नाही."

मग मागून भिंगरीचे वडील उठले. ते गवंडीकाम करत, हातांवर सिमेंटच्या चिरा होत्या.

"आमची पोर घरी सारखी कान धरते आणि अशी रेघ मारते. मला वाटलं कान दुखतोय. दोनदा दवाखान्यात नेली!" लोक हसले. गवंडी हसला नाही. "आजवर तिनं मला एवढं मोठं काही सांगितलं नव्हतं, आणि मला ते कळलं नाही. बाई, मला शिकवा."

त्या रविवारी शिवणाच्या खोलीत पालक दाटीवाटीनं बसले होते. मुख्याध्यापकांनी हुकूम मागे घेतला नाही आणि चूकही कबूल केली नाही. नव्या वर्षाच्या वेळापत्रकात मात्र गणितापुढे पुन्हा बाईंचं नाव होतं. ते निवृत्त होईस्तोवर बाईंच्या वर्गावरून जाताना मान दुसरीकडे वळवत. बाईही त्यांना कधी खिडकी लावून घेताना दिसल्या नाहीत.

पुढे भिंगरी इमारतींचे नकाशे काढू लागली. एकदा ती भेटायला आली, तर कर्णाची खूण करताना नुसतीच तिरकी रेघ ओढत होती.

बाई उखडल्या. "कान कुठे गेला? शब्दाचं मूळच तोडलंस!"

"आम्ही सगळे असंच करतो आता," भिंगरीचे हात झरझर चालले. "आम्हाला कान घेऊन काय करायचंय, बाई?"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्यांच्या निरोप समारंभात पाहुणे माइकवरून कौतुक करत सुटले. माइकआड ओठ दिसेनात, त्यामुळे समोरच्या मुलांना आणि खुद्द बाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. बाईंनी थोडा वेळ सोसलं. मग उठून सरळ माइकचं बटण बंद केलं आणि म्हातारा झालेल्या गवंड्याला हात धरून मंचावर आणलं. पाहुणे बोलत राहिले, गवंडी आपल्या जाड बोटांनी ते मुलांना सांगत राहिला. निम्मं चुकत होतं. पहिल्या रांगेतली पोरं उठून त्याला दुरुस्त करायला लागली, तशा बाई खुर्चीत बसल्या आणि निवांत बघू लागल्या.